टोन्ड स्मारक नाण्याचे रंग फोटोत काळे पडतात: कारण आणि उपाय

लक्षण

टोन्ड नाणं, म्हणजे चांदीवर काळाने रंगीत थर चढलेलं नाणं, हातात धरून खिडकीपाशी जरा कलवलं की कडेला निळा, त्याच्या आत किरमिजी आणि मध्यावर सोनेरी असे रंग स्वच्छ दिसतात. तेच नाणं टेबलावर सपाट ठेवून वरून फोटो घेतला की सगळं मातकट, करडं, कधी सरळ काळं येतं. मोबाईल बदलला, डीएसएलआर आणला, दिवे दोनाचे चार केले तरी फरक पडत नाही. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या १० रुपयांच्या नाण्यावर (८० टक्के चांदी, १५ ग्रॅम, ३४ मि.मी.) हे हमखास होतं, कारण चेहऱ्याभोवती मोकळी जागा भरपूर आणि टोनिंगचे रंग नेमके त्याच जागेत असतात. १०० रुपयांच्या ४४ मि.मी. नाण्यांवरही तोच अनुभव येतो.

यावर बहुतेक जण आणखी प्रकाश टाकतात, नाहीतर फोटो काढून झाल्यावर सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवतात. प्रकाश वाढवल्याने नुसता करडेपणा उजळतो. सॅच्युरेशन वाढवल्याने नाण्यावर नसलेले रंग येतात, आणि खरेदी करणाऱ्याची फसवणूक होते.

आधी दहा सेकंदांची तपासणी

खोलीतले दिवे बंद करा. नाणं टेबलावर सपाट ठेवा आणि बरोबर वरून पाहा. मोबाईलचा टॉर्च गालाला लावून, डोळ्याच्या अगदी शेजारून नाण्यावर मारा. रंग उजळून येतील. आता डोकं न हलवता टॉर्चचा हात बाजूला नेत नेत टेबलाशी ४५ अंशांपर्यंत खाली आणा. रंग विझतात आणि नाणं काळपट होतं. असं झालं तर नाण्यात काही दोष नाही, कॅमेऱ्यातही नाही. दिवा चुकीच्या जागी आहे, एवढंच.

टॉर्च डोळ्याशेजारी असतानाही रंग आले नाहीत, तर थर शेवटच्या करड्या-काळ्या टप्प्याला गेलेला आहे किंवा वर मळ, तेल किंवा मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून सुटलेला पीव्हीसीचा थर आहे. अशा नाण्यातून कुठल्याही दिव्याने रंग निघणार नाहीत. पुढची खटपट करण्याआधी ही तपासणी करावीच.

असं का होतं

टोनिंग म्हणजे चांदीवर बसलेला सिल्व्हर सल्फाईडचा अतिशय पातळ थर, काही दहा नॅनोमीटर जाडीचा. यात निळं किंवा जांभळं असं कुठलंही रंगद्रव्य नाही. थराच्या वरच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग कटतात, काही ठळक होतात. पावसात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर जे रंग दिसतात, तीच ही क्रिया. म्हणून हे रंग फक्त आरशासारख्या, सरळ परतणाऱ्या प्रकाशातच दिसतात. दिवा बाजूला असला की सरळ परतलेला प्रकाश दुसऱ्या बाजूला निघून जातो. लेन्सपर्यंत येतो तो खरवडे, धूळ आणि अक्षरांच्या कडांवरून विखुरलेला थोडासा प्रकाश, आणि त्यात रंग जवळजवळ नसतो.

थर जाड होत जातो तसे रंग ठरावीक क्रमाने येतात: फिकट सोनेरी, तांबूस नारिंगी, किरमिजी, गडद निळा, मग दुसऱ्या फेरीत फिकट आकाशी, लिंबासारखा पिवळा, पुन्हा किरमिजी, हिरवट, आणि शेवटी काळा. हा क्रम पाठ असावा. फोटोत सोनेरीला लागून एकदम गडद निळा आला आणि मधली किरमिजी पट्टी गायब असेल, तर भिंगाखाली खरं नाणं पाहा. नाण्यावर पट्टी असेल तर दिवा किंवा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या छटेप्रमाणे कॅमेरा करतो ती रंगजुळणी) चुकलाय. नाण्यावरच नसेल, तर टोनिंग घरी केलेलं असण्याची शंका घ्यावी.

अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेल्या नाण्यावर झळाळीच्या बारीक रेषा असतात. त्या प्रकाश थोडा पसरवतात, म्हणून दिवा लेन्सपासून दहा-पंधरा अंश सरकला तरी रंग टिकतो. संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या प्रूफ नाण्याची मोकळी जागा आरसाच असते, तिथे ही सवलत नाही. मुंबई टांकसाळीच्या प्रूफ संचातल्या नाण्यांचे फोटो म्हणूनच सगळ्यांत जास्त बिघडतात.

उपाय १: दिवे उंच, लेन्सला चिकटून (अनसर्क्युलेटेड नाण्यांसाठी)

कॅमेरा स्टँडवर, तोंड सरळ खाली. आधी तो समांतर आहे का ते पाहा: नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. ते बाजूला असेल तर कॅमेरा तिरका आहे, नाण्याची एक बाजू धूसर येणार आणि नाणं किंचित लंबगोल दिसणार. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही रीत जास्त अचूक आहे, कारण टेबल तिरकं असलं तरी चालतं.

मान वळणारे दोन छोटे दिवे घ्या. घड्याळाच्या १० आणि २ च्या जागी, लेन्सच्या नळीला जवळजवळ टेकवून, टेबलाशी ७५ ते ८० अंशांत ठेवा. दिव्याचं डोकं लहान हवं, ५-६ सें.मी. व्यासाचं. मोठं असेल तर ते लेन्सच्या इतकं जवळ येतच नाही. इथे लेन्स आणि नाणं यांत अंतर लागतं. १०० मि.मी.च्या मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणाऱ्या) लेन्सला ४४ मि.मी.चं नाणं चौकटीत भरताना साधारण २५ सें.मी.च्या पुढे मोकळी जागा मिळते. ५० मि.मी. लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावून काम भागवणाऱ्यांना ती मिळत नाही, लेन्स नाण्यावर सावली धरते आणि दिवे नाइलाजाने खाली येतात. रंग जाण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

रंग अजून अर्धवट असतील तर नाण्याची एक कड ३ मि.मी. उचला. ४४ मि.मी. नाण्यात हा साधारण ४ अंशांचा कल होतो, आणि लेन्सपासून ८ अंशांवर असलेला दिवा सरळ लेन्समध्ये परततो. लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ/११ ला असेल तर एवढी खोली फोकसमध्ये बसते. ६ मि.मी. उचललं तर खालची किंवा वरची अक्षरं धूसर होऊ लागतात. टेकू म्हणून घडी घातलेला जाड कागद किंवा अॅक्रिलिकचा तुकडा वापरा. खोडरबर, रबरबँड किंवा चिकट लगदा नाण्याखाली ठेवू नका. रबरात गंधक असतं आणि खोडरबर बहुधा पीव्हीसीचं असतं.

उपाय २: ४५ अंशांतली काच (प्रूफ आणि गडद टोनिंगसाठी)

यात दिवा लेन्सच्या अगदी आतून आल्यासारखा नाण्यावर पडतो. लागणारं सामान: फोटोफ्रेमवाल्याकडची दीड ते २ मि.मी. जाडीची १२ × १० सें.मी. साधी काच (कडा घासून घ्या), काळा मॅट कार्डपेपर, ट्रेसिंग पेपर, एक दिवा. काच धरायला थर्माकोलमध्ये ४५ अंशांची खाच चालते.

काच नाण्यावर ४५ अंशांत उभी करा. वरची कड दिव्याकडे झुकलेली, खालची कड दिव्यापासून दूर आणि नाण्याच्या पातळीपेक्षा २ सें.मी. वर. १२ सें.मी.ची काच ४५ अंशांत साडेआठ सें.मी. उंची घेते, म्हणजे लेन्सचं तोंड नाण्यापासून किमान १५ सें.मी. वर हवं. दिवा ३० सें.मी. लांब, काचेच्या मध्याच्या उंचीला, आडवा. मध्ये ट्रेसिंग पेपर. दिवा आणि नाणं यांच्यामध्ये काचेच्या खालच्या बाजूला काळ्या कार्डाची पट्टी उभी करा, म्हणजे दिव्याचा प्रकाश थेट नाण्यावर जाणार नाही.

आता सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. दिव्याच्या समोरच्या बाजूला, काचेच्या पलीकडे, मोठा काळा कार्ड उभा केलाच पाहिजे. काचेतून आरपार गेलेला प्रकाश त्याने शोषला जातो, आणि कॅमेऱ्याला काचेच्या वरच्या पृष्ठात जे प्रतिबिंब दिसतं तेही याच बाजूचं असतं. तिथे पांढरी भिंत असेल तर पूर्ण फोटोवर धुकं येतं आणि लोकांना वाटतं की काचेची रीत चालतच नाही.

साधी काच ४५ अंशांत फक्त दहावा हिस्सा प्रकाश खाली पाठवते. म्हणून शटर बरंच लांब लागतं, अर्धा-एक सेकंदही. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवू नका, १०० वरच ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा आणि लाकडी माळ्यावर टेबल असेल तर त्या वेळात कुणी चालू नये. अक्षरांना दुहेरी सावली दिसली तर काच जाड आहे, पातळ आणा.

नाणं चौकटीच्या मध्यावर नसेल तर एकीकडे रंग भरतो आणि दुसरीकडे काळं राहतं. अशा वेळी दिवा हलवू नका, काचेचा कोन एक-दोन अंश बदला.

जे वापरू नये

रिंग लाइट: प्रूफवर पांढरी कडी उमटते, आणि लेन्स नाण्याजवळ असेल तर प्रकाश पुन्हा बाजूनेच येतो. पांढरा तंबू किंवा डोम: रंग येतात, पण झळाळी मरते आणि नाणं रंगवल्यासारखं दिसतं, वर लेन्सच्या छिद्राचा काळा ठिपका. दिव्यावर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर (चकाकी मारणारे फिल्टर): हे नेमकं तेच सरळ परावर्तन मारतात ज्यात रंग आहे. फ्लॅशबद्दल बोलायलाच नको.

रंग आला, पण चुकीचा आला

निळा जांभळा दिसतो, किरमिजी विटकरी दिसतो, सोनेरी हिरवट. इथे तीन कारणं तपासा.

पहिलं, मिसळलेला प्रकाश. खिडकी, ट्यूबलाइट आणि टेबल लॅम्प एकत्र असले तर कुठलाही व्हाइट बॅलन्स बरोबर बसत नाही. खिडकी झाका, बाकी दिवे बंद करा. अंगावर गडद रंगाचा सदरा असावा. लाल शर्ट प्रूफ नाण्यात उतरतो.

दुसरं, दिव्याचा दर्जा. साध्या एलईडी बल्बचा सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा १०० पैकी अंक) ८० च्या आसपास असतो आणि त्यात गडद लाल कमी असतो. टोनिंगची किरमिजी पट्टी यातच मातकट होते. ९५ किंवा जास्त सीआरआयचा बल्ब घ्या. खोक्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर घेऊ नका. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली फोटोत आडव्या पट्ट्या आल्या तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे.

तिसरं, ऑटो व्हाइट बॅलन्स. कॅमेरा समोर निळं नाणं बघतो आणि ते करडं करायला जातो. सगळ्यांत सुंदर निळी नाणी म्हणूनच सगळ्यांत जास्त बिघडतात. नाण्याच्या जागी, त्याच काचेखाली, ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) ठेवून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि दिवा हलला की पुन्हा घ्या. झेरॉक्सचा कागद याला वापरू नका, त्यात निळसर उजळपणा देणारं रसायन असतं.

एक्स्पोजर हाताने लावा. काळ्या पार्श्वभूमीवर मीटर नाणं जास्त उजळ करतं, पांढऱ्यावर गडद. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहा. एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि लाल एकटाच उजव्या भिंतीला आपटलेला असतो. मग किरमिजीचा फिका गुलाबी होतो आणि तो नंतर परत येत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये) घ्या, एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या पुढे गेलात तर इतक्या जवळून विवर्तनाने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) अक्षरं मऊ पडतात.

मोबाईल असेल तर

मोबाईल नाण्याच्या ६-७ सें.मी. जवळ नेला की तो आपणहून वाइड मॅक्रो लेन्सवर जातो आणि स्वतःची सावली पाडतो. ऑटो मॅक्रो बंद करा, २० ते २५ सें.मी. वर स्टँडला लावा आणि २x घ्या. एक्स्पोजर आणि फोकस दाबून लॉक करा, एक्स्पोजर -०.७ ते -१ खाली आणा. एचडीआर आणि सीन ओळखणारा मोड बंद. त्यात फोन निळा रंग स्वतःच भडक करतो. उपाय १ मोबाईलवर उत्तम चालतो, काचेचा उपायही चालतो.

नाणं शक्यतो कॅप्सूलमधून काढा, कडेने धरून, पावडर नसलेल्या नायट्राईल हातमोज्यांनी, लॅटेक्स नको. ग्रेडिंगच्या (नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) सीलबंद डबीत असेल तर डबी उघडायची नाही. काळ्या कार्डाला लेन्सएवढं भोक पाडून तो लेन्सवर चढवा, म्हणजे प्लॅस्टिकवर कॅमेऱ्याचं प्रतिबिंब येणार नाही, आणि डबीच ३-४ अंश कलवा.

फोटो बरोबर आहे, नाणंच बदलतंय

दर पावसाळ्यानंतर नाणं आधीपेक्षा गडद वाटतं, पण जुना फोटो वेगळ्या दिव्यात काढलेला असतो आणि तुलना करता येत नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या नाण्याचा मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, त्याच मांडणीत, शेजारी ग्रे कार्डाचा तुकडा ठेवून फोटो घ्यावा. दिव्याचं अंतर आणि शटर फाइलच्या नावात लिहावं. रंग क्रमात एक पायरी पुढे गेला असेल, म्हणजे सोनेरीच्या जागी तांबूस किंवा निळ्याच्या जागी आकाशी आला असेल, तर थर वाढतोय.

आपल्या सांगली-सातारा भागात याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागेच्या भुरीसाठी गंधक घरोघरी असतं. त्याची पिशवी आणि नाण्यांचं कपाट एका खोलीत असेल तर चांदी महिन्या-दोन महिन्यांत पुढची पायरी गाठू शकते. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. तिथे वापरलेली पोती, कपडे कपाटाजवळ आणू नयेत. गोबरगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईड असतो, आणि चांदीला याहून वाईट वायू नाही. शेगडीच्या भिंतीला लागून कपाट नको. हवेत ओल असली की ही क्रिया वेग घेते, त्यामुळे महाबळेश्वर, पाचगणी किंवा कासच्या बाजूला ठेवलेलं नाणं आणि कोरड्या आटपाडी-जतमध्ये ठेवलेलं नाणं एकसारखं राहत नाही.

घरातल्या कपाटात साड्यांबरोबर नाणी ठेवायची पद्धत आहे. लोकर आणि डांबरगोळ्या या दोन्ही वाईट. लोकरीतून गंधक सुटतं, आणि डांबरगोळीच्या वाफेने पॉलिस्टायरीनची कॅप्सूल मऊ आणि धुरकट होते. मग फोटोत जे धुकं दिसतं ते नाण्याचं नसतं, कॅप्सूलचं असतं.

पीव्हीसीच्या मऊ पारदर्शक पाकिटांत ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध अॅसिटोनने जातो (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे): काचेच्या दोन वाट्या, पहिलीत नाणं एक-दोन मिनिटं, दुसरीत ताज्या अॅसिटोनचा बुडा, मग हवेत वाळवणं. खिडकी उघडी, ज्योत आसपास नाही, पुसणं अजिबात नाही. अॅसिटोन टोनिंगला धक्का लावत नाही. चिंच, राख, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि अॅल्युमिनियमचा कागद, चांदीचं पॉलिश, हे सगळं मात्र रंग आणि किंमत दोन्ही कायमची घालवतं. कृष्णेच्या पुराचं पाणी शिरलेल्या घरातली नाणीही चोळायची नाहीत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, गाळ आपोआप सुटू द्या, शेवटी अॅसिटोनचा बुडा.

साठवणीला पीव्हीसीविरहित पॉलिएस्टर पाकीट किंवा अॅक्रिलिक कॅप्सूल, झाकण घट्ट बसणारा डबा, दोन लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. पावसाळ्यात चढला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका.

रंगांकडून अपेक्षाही धातूप्रमाणे ठेवावी. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त अशा मिश्रधातूची १०० रुपयांची नाणी तपकिरी, ऑलिव्ह, ठिपक्याठिपक्यांची टोन होतात, इंद्रधनुष्य क्वचित. १९६४ चा निकेलचा नेहरू रुपया फारसा बदलतच नाही. अशा नाण्यावर भडक निळा-जांभळा कुणी दाखवला तर दहा पटीच्या भिंगाने अक्षरांच्या कडा पाहा. नैसर्गिक टोनिंगमध्ये अक्षरांना लागून रंग बहुधा बदलतो, एक पातळ फिकट पट्टी राहते. तापवून किंवा गंधकाच्या द्रावणात बुडवून आणलेला रंग उंच भागावर आणि खोलगट भागावर एकसारखा पसरलेला असतो.

विक्रीसाठी किंवा ग्रेडिंगला पाठवण्याआधी

दोन फोटो द्या. एक काचेच्या रीतीने, रंगासाठी. दुसरा दिवा टेबलाशी ३०-३५ अंशांवर ठेवून, म्हणजे खरवडे, पुसल्याच्या रेषा आणि कडेवरचे ठोके दिसतील. यात नाणं काळपटच येईल, तसंच येऊ द्या. सोबत दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, नाणं हळूहळू कलवत. एडिटिंगमध्ये फक्त एक्स्पोजर, काळ्याची पातळी आणि ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स. सॅच्युरेशन आणि व्हायब्रन्स शून्यावर. फाइल एसआरजीबीमध्ये (मोबाईल आणि वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) सेव्ह करा, नाहीतर समोरच्याच्या मोबाईलवर रंग पुन्हा फिके दिसतील.